कायमचं बंद

धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत.
नावंही असतील, पण ती कोणी घेत नाही.
पाचवी म्हटलं की पाचवी.
तिला पहिली करून द्या, असं
आजवर कोणी म्हणालेलं नाही.

माझा धंदा मात्र तोच.
आग्रा रोडला झेरॉक्सच्या वरच्या खोलीत बसून
मी लोकांना पहिल्या पानावर नेतो:
साड्यांचं दुकान, दोन दातांचे डॉक्टर, एक बोअरवेलवाला,
आणि फुकटात निंबा बडगुजर,
मोटर रिवायंडिंग, गल्ली नंबर चार.
फुकटात, कारण आमच्या विहिरीवरची तीन एचपी
त्यानं एकदा उधारीत भरली होती
आणि ती उधारी कुठल्या वहीत नव्हती.

लोक कसं शोधतात ते मला पाठ आहे.
रिवाइंडिंग, वायडिंग, बाइंडिंग.
कापडण्याच्या एकानं फोनला तोंड लावून विचारलं,
मोटर जयनी, काय करू?
त्याला जवळची जैन मंदिरं दिसली,
उघडण्याच्या वेळेसकट.

मी त्या सगळ्या चुका पानात पेरल्या.
निंबा वेढे मोजायचा, मी शब्द.
शंभरात तीनदा धुळे, दोनदा मोटर.
मार्चात वरून नियम बदलला.
मोजून लिहिणं हाच गुन्हा ठरला
आणि एका रात्रीत आम्ही दोघं नवव्या पानावर,
जिथे कुत्रंसुद्धा फिरकत नाही.

माणसासारखं लिहा, असा नवा हुकूम होता.
म्हणून माणसाला विचारलं.
वार्निशचा ब्रश पुसत निंबा म्हणाला,
"तार कमी टाकेल मोटर पहिले पयस, मंग जयस."
घरी येऊन मी त्याचं शुद्ध मराठी केलं,
दोन्हीकडे ळ बसवला.
तेवढं एक वाक्य वर चढलं.
पावसाळ्याआधी चौदा फोन आले.

आता पान कोणी उघडतच नाही.
विचारलं की वरच्या वर उत्तर मिळतं,
पाय पुसून आत आलेल्या जावयासारखं.
परवा मीच विचारून पाहिलं, मोटर का जळते?
कमी वेढ्यांची मोटर आधी पळते, मग जळते.
ळ जागच्या जागी.
खाली नाव नाही. त्याचं नाही, माझंही नाही.
मी रागवायच्या तयारीत होतो
आणि आठवलं, निंबाला तरी मी कुठे विचारलं होतं?

त्याच पडद्यावर, जरा खाली, लाल अक्षरं:
निंबा मोटर रिवायंडिंग. कायमचं बंद.

चौथीत गेलो तर तो मांडीवर स्टेटर घेऊन.
फोन दाखवला.
त्यानं चष्मा कपाळावर सरकवून वाचलं, दोनदा.
"मी त आठेच बठेल शे," म्हणाला,
आणि मग, जरा वेळानं,
"कोनी सांगं त्यास्ले?"

बंद नाही हे सिद्ध करायला व्हिडिओ लागतो.
रस्ता, पाटी, दुकान, एका दमात, मध्ये न कापता.
पाटी नव्हती. चाळीस वर्षांत कोणाला आठवणच झाली नाही.
पेंटर आणला, अक्षरावर पैसे घेणारा.
रिवायंडिंगवर टिंबं किती, त्यानं मला विचारलं.
माझ्याकडे अकरा उत्तरं होती.
निंबा म्हणाला, नुसतं मोटर लिह,
बाकीच्या पैशांची तार येईल.

मग चालत व्हिडिओ काढला.
सायकली, चौथीचं वळण, ओला रंग, उंबरा.
निंबाभाऊ, एकदा इकडे बघा.
त्यानं मान न उचलता बोट वर केलं. थांब.
एकशे बारा. एकशे तेरा.

पाच दिवस लागतात म्हणाले, आज नववा.
तपासणी सुरू आहे.
चौथीत कोणालाही विचारा, पोरगंसुद्धा दुकान दाखवेल.
पण विचारायला आधी
चौथीत यावं लागतं.